कुंपणाला धरलेले हात

भाच्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्रफीत टाकली. अर्ध्या मिनिटाचीही नाही. न्यू जर्सीहून चौघं मित्र क्रूझवर गेले होते, कॅरिबियनमधल्या एका बेटावर दिवसभर उतरले होते. चित्रफितीत निळा समुद्र आहे, डांबरी रस्ता आहे, जाळीचं कुंपण आहे, आणि कुंपणापलीकडे आपल्याकडे पाठ करून उभं असलेलं विमान. भाचा दोन्ही हातांनी जाळी धरून उभा. आवाज वाढत जातो, त्याचा शर्ट फुगतो, टोपी उडते, आणि मग त्याचे पाय रस्त्यावरून मागे मागे सरकायला लागतात. मित्र हसतायत. तोही हसतोय.

ग्रुपवर अंगठे आले, "भारी!" आलं, "काळजी घ्या रे" आलं. मी चित्रफीत तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा फक्त त्याची बोटं पाहिली.

*

रात्री फोन केला. म्हणाला, "मावशी, तू उगाच घाबरतेस गं. तिथे रोज शेकडो लोक हेच करतात."

"रोज शेकडो लोक करतात" हे त्याचं म्हणणं खरं आहे. माझी अडचण तिथेच सुरू होते. म्हणून ही टिपणं. काही त्याच्यासाठी, काही माझ्यासाठी.

*

जागेचं नाव माहो बीच. बेट एकच, नावं दोन: उत्तरेचा भाग फ्रेंचांचा, सॅं मार्तॅं, दक्षिणेचा डचांच्या राज्यातला, सिंट मार्टेन. १६४८ साली दोघांनी करार करून बेट वाटून घेतलं, ते आजतागायत. सगळं बेट मिळून सत्त्याऐंशी चौरस किलोमीटरच्या आसपास. इतक्याशा जागेत डोंगर आहेत, खाजण आहे, हॉटेलं आहेत आणि जंबो जेट उतरू शकेल असा विमानतळ आहे. १९४२ साली युद्धासाठी धावपट्टी बांधली, पुढच्या वर्षी ती नागरी झाली. १९४४ साली राजकन्या युलियाना इथे येऊन गेल्या, त्यांचं नाव विमानतळाला मिळालं. त्या राणी झाल्या १९४८ साली, पण विमानतळ अजून 'प्रिन्सेस युलियाना'च आहे.

*

धावपट्टी साधारण २३०० मीटर. मोठ्या विमानांच्या मानानं आखूडच. पश्चिमेच्या टोकाला जाळी, जाळीला लागून रस्ता, रस्त्याला लागून वाळू, वाळूला लागून समुद्र. पूर्वेला टेकड्या.

शाळेच्या भूगोलात आपण व्यापारी वारे शिकलो. ईशान्येकडून, पूर्वेकडून, वर्षभर एका दिशेनं वाहणारे. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. पण माहोची सगळी गोष्ट त्या वाऱ्यांमुळे आहे. विमान सहसा वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उडतं. वारा पूर्वेचा, म्हणून उतरणारी विमानं पश्चिमेकडून, समुद्रावरून, थेट किनाऱ्यावरच्या माणसांच्या डोक्यावरून येतात. आणि उडणारी विमानं त्याच टोकाला येऊन, तोंड पूर्वेला आणि शेपूट किनाऱ्याकडे करून उभी राहतात. एकाच जागेवर येणाऱ्याचं पोट आणि जाणाऱ्याची पाठ, दोन्ही बघायला मिळतं. जगात अशा जागा फार थोड्या आहेत.

*

लहानपणी आम्ही घाटकोपरला, असल्फ्याच्या बाजूला राहायचो. पूर्वेकडून उतरणारी विमानं टेकडीवरून खाली येत येत कुर्ला, जरीमरीकडे जायची. गच्चीवर उभं राहिलं की चाकं दिसायची, पोटावरचे दिवे दिसायचे. आजी तांदूळ निवडता निवडता थांबायची, कारण तेवढा वेळ बोललेलं ऐकूच यायचं नाही. मला ते सगळं फार आवडायचं. आजही आवडतं. जुहूच्या वाळूत बसून, सांताक्रूझहून सुटलेलं विमान समुद्रावर चढताना बघत राहणारी कुटुंबं दिसतात, तेव्हा मीही थांबते.

म्हणून माहोला जाणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. पंधरा मीटरवरून जाणारं विमान बघावंसं वाटणं हे माणसाचं लक्षण आहे. मला बोलायचंय ते दुसऱ्या विमानाबद्दल, जे जातं त्याच्याबद्दल.

*

जगभर माहोचे जे फोटो प्रसिद्ध झाले ते बहुतेक उतरणाऱ्या विमानांचे. विशेषतः अॅम्स्टरडॅमहून येणाऱ्या केएलएमच्या बोइंग ७४७ चे: निळं अंग, अठरा चाकं, खाली छत्र्या आणि हात वर केलेली माणसं. ते ७४७ तिथे शेवटचं आलं २८ ऑक्टोबर २०१६ ला. किनाऱ्यावरच्या बारमध्ये सर्फबोर्डवर त्या दिवसाच्या विमानांच्या वेळा खडूनं लिहिलेल्या असायच्या. लोक त्या बघून वाळूत जागा धरायचे.

फोटोत भीती दिसते ती वरच्या विमानाची. पण उतरणाऱ्या विमानाचं इंजिन त्या वेळी पुष्कळ आवरलेलं असतं, आणि ते डोक्यावरून दोन-तीन सेकंदांत निघून जातं. वाळू उडते, छत्री उलटते, कान बधिर होतात. तिथेही पडून लागू शकतं, जाळीवरच्या धोक्याच्या पाटीवर तसं लिहिलेलंही आहे.

खरा जोर जमिनीवर, न हलता उभ्या असलेल्या विमानात असतो.

*

ते न हलता का उभं असतं, हे भाच्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, वैमानिक लोकांची हौस पुरवतो.

धावपट्टी आखूड आणि समोर टेकड्या. म्हणून हाताशी असलेला प्रत्येक मीटर वापरायचा असतो. वैमानिक विमान अगदी टोकाला, जाळीच्या जवळात जवळ आणतो, ब्रेक दाबून धरतो, इंजिनं जोरात नेतो, सगळे आकडे बरोबर आहेत बघतो, मग ब्रेक सोडतो. ते काही सेकंद विमान पुढे जात नाही, पण इंजिनातून निघणारी हवा मात्र मागे जातेच. सगळी. ती घ्यायला तिथे जाळी, रस्ता आणि रस्त्यावरची माणसं एवढंच असतं.

*

बोइंग ७३७-८०० च्या प्रत्येक इंजिनाचा कमाल जोर साधारण बारा टन. दोन इंजिनांचा चोवीस टन. पूर्ण जोरात असताना एकेक इंजिन सेकंदाला तीनशे किलोहून जास्त हवा ओढतं आणि मागे फेकतं. तीनशे किलो हवा म्हणजे आपल्या घरातल्या चार-पाच मोठ्या खोल्या भरतील एवढी. दर सेकंदाला तेवढी.

यातली बहुतेक हवा गरमही नसते. पुढच्या मोठ्या पंख्यातून येऊन इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून ती मागे जाते. जळणारं इंधन तिला भेटतच नाही. जाळीशी उभ्या माणसाला म्हणून भाजत नाही. केरोसीनचा वास येतो, ऊब लागते. भाजलं असतं तर लोक आपोआप लांब राहिले असते, असं मला वाटतं. आगीशी कसं वागायचं हे आपल्याला चुलीपासून कळतं. वाऱ्याचं तसं नाही. वारा म्हटलं की आपल्याला पदर, पतंग आणि पावसाळ्यातली उलटी छत्री आठवते.

*

७३७ चं इंजिन जमिनीच्या इतकं जवळ असतं की त्याच्या कवचाचा तळ चपटा करावा लागला आहे. शेजारून पाहिलं की लक्षात येतं: तोंड पूर्ण गोल नाही, खाली दबलेलं आहे. म्हणजे त्यातून निघणारा झोत जमिनीलगतच वाहतो. लांबवर उभ्या माणसाच्या छातीच्या, पोटाच्या उंचीवर.

*

१२ जुलै २०१७. संध्याकाळ. ट्रिनिदादला निघालेलं एक बोइंग ७३७ टोकाला येऊन उभं राहिलं. जाळीपाशी काही जण होते, त्यांच्यात न्यूझीलंडहून कुटुंबासोबत आलेली सत्तावन्न वर्षांची एक बाई. झोत आला, तिचे हात सुटले, ती मागे फेकली गेली आणि डोकं काँक्रीटवर आपटलं. रुग्णालयात नेलं. ती गेली.

बेटाच्या पर्यटन विभागाच्या अधिकाऱ्यांनी त्याच संध्याकाळी तिच्या घरच्यांची भेट घेतली. धोक्याच्या पाट्या समोर दिसत होत्या, आपण केलं ते चूक होतं, आणि त्याचा शेवट असा झाला याचं दुःख आहे, असं घरच्यांनी म्हटल्याचं त्यांनी नंतर सांगितलं.

ज्यांचं माणूस नुकतंच गेलंय त्यांनी हे म्हणावं. मी त्या वाक्यापाशी फार वेळ थांबले. जगभरच्या बातम्यांखाली लोकांनी काय काय लिहिलं असेल याची मला कल्पना आहे: स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं वगैरे. मला ते पटत नाही. ती बाई सुट्टीवर होती. तिच्याआधी त्या दिवशी कितीतरी जणांनी जाळी धरली होती आणि हसत परत गेले होते. तिच्या डोळ्यांसमोर पुरावा होता, आणि तो पाटीपेक्षा बोलका होता.

*

ते विमान ७४७ नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण भाचा म्हणाला, "आता ते जंबो येत नाही ना, आता काय, छोटी विमानं." मुंबई-नागपूर, पुणे-दिल्ली ज्या मापाच्या विमानानं आपण जातो, त्या मापाचं होतं.

*

आकडेमोड करून पाहिली. शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, जोर चौपट. वेग तिप्पट, जोर नऊपट. विमानातून उडी घेऊन छत्री न उघडता पालथा पडणारा माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या सुमारास स्थिर वेगाला येतो. म्हणजे तेवढ्या वाऱ्याचा जोर त्याच्या वजनाएवढा होतो, वारा त्याला तोलून धरतो. हेच आडवं करून बघायचं. ताशी दोनशेचा झोत अंगावर आला तर साठ किलोच्या माणसाला साठ किलोचा रेटा. ताशी शंभरला पंधरा किलोचा.

आता, उभ्या माणसाला पाडायला त्याच्या वजनाएवढा जोर लागतच नाही. चपलेखाली वाळू असेल तर त्याहूनच कमी. म्हणून जाळी धरावी लागते. जाळी धरली की पाय सुटतात, पाय सुटले की शरीर आडवं होतं, झेंड्यासारखं. त्या चित्रफितींमध्ये लोक आडवे होऊन फडकताना दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे याच्या हातात! पण त्या क्षणी पाय, कंबर, पाठ, कशाचाच उपयोग उरलेला नसतो. सगळा माणूस आठ-दहा बोटांवर आलेला असतो.

जाळीची तार बारीक असते. बोटांच्या पेरांत रुतते.

*

हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट जड. त्यावरून हिशेब केला की ताशी १६० किलोमीटरचा वारा आणि ताशी साडेपाच किलोमीटरनं वाहणारं पाणी एकाच जोरानं ढकलतात. साडेपाच किलोमीटर म्हणजे आपण झपझप चालतो तो वेग.

हा हिशेब मी दोनदा तपासला, कारण तो मला लोणावळ्याला घेऊन गेला. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध खडकावर अडकलं, एकमेकांना घट्ट धरून उभं. काठावरून कुणीतरी केलेली ती चित्रफीत अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिली. पाच जण गेले. काही वेळापूर्वी त्याच खडकावर ते आरामात उभे होते. पाणी थोडं वाढलं, वेग थोडा वाढला. जोर थोडा वाढला नाही, कितीतरी वाढला.

दर पावसाळ्यात आपण अशा बातम्या वाचतो. पाण्यात उभं राहिलेल्याला पाणी कळलंय असं वाटत असतं, कारण आत्तापर्यंत पाय टिकलेले असतात. जाळीला धरलेल्यालाही तसंच वाटतं. इंजिन अजून अर्ध्या जोरावर असतं.

*

मारणारी गोष्ट बहुतेक वेळा वारा नसतो. मागे काय आहे, ते असतं. माहोला मागे रस्ता, रस्त्याची कडा, काँक्रीट, आणि त्यापलीकडे वाळू. वाळूपर्यंत पोचलेला सुदैवी. कडेवर पडलेला नाही. पण जाळी धरून उभ्या माणसाची पाठ मागे असते आणि डोळे विमानावर. आपण कुठे पडणार आहोत हे त्यानं पाहिलेलंच नसतं.

जत्रेतल्या मौतच्या कुव्याच्या काठावर मी लहानपणी उभी राहिले आहे. मोटारसायकल वर वर चढत यायची, लाकडी फळ्या थरथरायच्या, लोक वाकून नोट पुढे धरायचे आणि तो हात सोडून ती घ्यायचा. तिथे माझ्या मामानं माझा फ्रॉक मागून धरून ठेवला होता. तो कुव्यात बघतच नव्हता. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

*

वाऱ्याचा ताशी वेग ११८ किलोमीटरच्या वर गेला की बोफर्टच्या मापात त्याला शेवटचा, बारावा अंक मिळतो. हरिकेन.

ती बाई गेली त्याला दोन महिने होत नाहीत तोच, ६ सप्टेंबर २०१७ ला, इर्मा नावाचं चक्रीवादळ त्याच बेटावर आलं. पाचव्या श्रेणीचं, ताशी २९५ किलोमीटरच्या आसपास. विमानतळाच्या इमारतीची दुर्दशा झाली, माहोची वाळू समुद्रानं ओढून नेली, हॉटेलं आणि बार मोडले. पुढचे कितीतरी महिने प्रवाशांची ये-जा तंबूंतून चालली.

त्या बेटावरच्या माणसांना वारा माहीत आहे. वादळाची खबर आली की खिडक्यांवर फळ्या ठोकतात, होड्या आत खेचतात, पाणी भरून ठेवतात. वारा येणार म्हटल्यावर घरात जायचं असतं, हे तिथल्या पोराटोरांनाही कळतं. आणि त्याच बेटावर, दुपारच्या उन्हात, बाहेरून आलेली माणसं वाऱ्याची वाट बघत रांगेत उभी.

*

पाटीबद्दल. जाळीवर मोठी, लाल-पांढरी, दुरून वाचता येईल अशी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानाच्या झोतानं गंभीर इजा होऊ शकते, मृत्यूही होऊ शकतो, असं सरळ लिहिलंय. शब्दांत कुठेही कचरलेले नाहीत.

आणि लोक त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढतात. तिचे टी-शर्ट, मॅग्नेट मिळतात. पाटी हेच प्रेक्षणीय स्थळ झालं. एवढी मोठी सूचना लिहूनही विमान उडताना जाळीपाशी जाता येतं, यावरून येणारा माणूस काय समजणार? की हे लिहायचं म्हणून लिहिलंय. खरंच इतकं वाईट असतं तर जाऊ दिलं असतं का? आपल्याकडे 'येथे पोहण्यास मनाई आहे' या पाटीखाली कपडे काढून ठेवलेले दिसतात, त्याचंही कारण हेच असावं.

*

जिब्राल्टरमध्ये शहराचा मुख्य रस्ता धावपट्टी ओलांडून जायचा. विमान आलं की रेल्वे फाटकासारखं फाटक पडायचं; मोटारी, सायकली, पायी माणसं, सगळे थांबायचे. विमान गेलं की फाटक वर. कित्येक दशकं असं चाललं. मार्च २०२३ च्या शेवटी बोगदा सुरू झाला आणि मोटारी खालून जायला लागल्या.

माहोच्या रस्त्यावर उड्डाणापुरतं, प्रत्येक वेळी काही मिनिटं, असं फाटक का पडू नये? मोठ्या विमानतळांवर झोत अडवायला वाकवलेल्या पत्र्यांच्या भिंती असतात, त्या हवा वर वळवतात. समुद्रावरून उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत तसली भिंत उभी करणं अवघड, हे समजतं. रस्ता थोडा वेळ रिकामा करणं अवघड नाही. बेटाचं पोट पर्यटनावर आहे, माहो हे त्याचं सगळ्यांत ओळखीचं चित्र आहे, हेही समजतं. लोक विमान बघायला येतात ते फाटक पडलं तरी येतीलच. उतरणारं विमान कुणी काढून घेत नाहीये.

*

ग्रीसमध्ये स्कियाथोस नावाचं बेट आहे. विमानतळाला तिथल्या एका कथाकाराचं, अलेक्झांड्रोस पापादियामांटिसचं नाव आहे. मला त्याचंच फार बरं वाटलं. धावपट्टी १६२८ मीटर, म्हणजे माहोहूनही आखूड. टोकामागून रस्ता जातो. तिथेही लोक उभे राहतात, तिथेही पडतात.

फुकेतला माई खाओ किनारा. उतरणाऱ्या विमानासोबत सेल्फी घेणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की २०१९ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी बजावलं: विमान वाहतुकीच्या सुरक्षेला धोका पोचवण्याची कायद्यातली कमाल शिक्षा मृत्युदंड आहे. वाचून दचकायला झालं. फाटक बरं.

सिंट मार्टेनच्या शेजारी सेंट बार्ट्स. तिथली धावपट्टी जेमतेम ६५० मीटर, टेकडीवरून उतरते आणि किनाऱ्यावर संपते. पण तिथे फक्त छोटी, पंख्याची विमानं.

*

विमानतळावर काम करणाऱ्यांना हे सगळं पहिल्या दिवशी शिकवतात. विमानाच्या पोटावरचा आणि पाठीवरचा लाल बीकन लुकलुकत असेल तर इंजिन चालू आहे किंवा होणार आहे. जवळ जायचं नाही. पुढून जायचं नाही, कारण आत ओढलं जातं. मागून जायचं नाही, कारण फेकलं जातं. सैल टोपी, सैल कागद, काही ठेवायचं नाही.

आणि तरीही. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईच्या विमानतळावर, हैदराबादला निघालेलं विमान पुशबॅकनंतर पुढे सरकायला लागलं आणि शेजारी उभा असलेला एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. शिकलेला, अनुभवी माणूस, रोजच्या कामाच्या जागी. मला ती बातमी अजून आठवते, कारण दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतले, विमानतळावर सामान चढवण्याचं काम करणारे एक काका जिन्यात भेटले आणि काहीच न बोलता वर गेले.

ते बीकनला 'लाल दिवा' म्हणायचे. मला म्हणाले होते एकदा, "दिवा बघायचा, विमान नाही बघायचं. विमान बघत बसलीस की संपलं."

*

हे सगळं एका बैठकीत भाच्याला सांगितलं नाही. त्याच्या सुट्टीचा विचका करायचा नव्हता. तीन-चार फोनांत, थोडं थोडं. पाण्याचा हिशेब सांगितला तेव्हा तो गप्प झाला. तो इंजिनिअर आहे, त्यानं मनात करून पाहिला असणार. मग म्हणाला, "मावशी, पण मी घट्ट धरलं होतं."

"पाय सरकत होते तुझे."

"हो. ते मला नंतर चित्रफितीत दिसलं. तेव्हा कळलंच नाही."

*

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतायत, या वेळी सून आणि पाच वर्षांची लेक घेऊन. विचारलं, "मग बघायचं कुठून?" हा प्रश्न मला फार आवडला. नकाशा उघडून बसलो दोघं, तो तिकडे, मी इकडे. उतरणारी बघायची असतील तर वाळूवर, पण विमानाच्या सरळ रेषेत नको, बाजूला; सामान हलकं, डोळ्यांना चष्मा, पोरीच्या कानाला काहीतरी. एखादं विमान धावपट्टीच्या टोकाकडे येऊन वळायला लागलं की रस्ता सोडायचा, त्याच्या शेपटीमागून पार बाजूला व्हायचं, आणि पोरीचा हात धरायचा. जाळीपाशी कुणीही उभं असलं तरी.

"आणि उडणारं?"

"ते बाजूनं बघ. बाजूनं चाकं सुटताना दिसतात."

*

चित्रफीत ग्रुपवर तशीच आहे. काल वर सरकवत जाऊन पुन्हा पाहिली. अंगठ्यांच्या आणि "भारी!"च्या खाली, सगळ्यांच्या नंतर, ताईनं लिहिलेलं होतं, ते माझ्या नजरेतून तेव्हा सुटलं होतं.

"तुझी ती निळी टोपी कुठे गेली रे?"

त्याचं उत्तर एका शब्दाचं.

"समुद्रात."